मान्यता न मिळालेली सात वर्षे

२ ऑगस्ट हा दादरा व नगर हवेलीचा मुक्तिदिन. १९५४ साली त्या दिवशी सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून गेले. त्या मोहिमेतील राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावे महाराष्ट्राला परिचित आहेत. मोहिमेला पैसा उभा राहावा म्हणून पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला, ही हकीगतही अनेकांनी ऐकलेली असते. पण मुक्तिदिनानंतर पुढे काय झाले, असे विचारले तर बहुतेक जण ‘तो प्रदेश भारतात आला’ असे उत्तर देतात. ते उत्तर बरोबर नाही. तो प्रदेश भारतात आला ११ ऑगस्ट १९६१ रोजी, म्हणजे सात वर्षे आणि नऊ दिवसांनी. मधल्या काळात तेथे पोर्तुगालची सत्ता चालत नव्हती आणि भारताचे संविधानही लागू नव्हते. ४९१ चौरस किलोमीटरचा, ७२ गावांचा, मुख्यत्वे वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासींच्या वस्तीचा तो मुलूख स्वतःचा कारभार स्वतः करीत होता, आणि जगातील एकाही राष्ट्राने त्याला मान्यता दिलेली नव्हती. भारतानेही नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी आणि पेशाने प्रशासक. निवृत्तीनंतर जयपूरच्या खातीपुरा भागात राहायला आल्यापासून जुने निवाडे सवडीने वाचण्याची सवय लागली आहे. त्या ओघात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १२ एप्रिल १९६० चा निकाल पुन्हा वाचला. वादी पोर्तुगाल, प्रतिवादी भारत; विषय, दमणहून दादरा आणि नगर हवेलीपर्यंत भारतीय भूमीतून जाण्याचा हक्क. कोसोव्हो, अबखाझिया, उत्तर सायप्रस, सोमालीलँड यांच्याविषयी आज जे वाद ऐकू येतात, त्यांतील बहुतेक मुद्दे या ७२ गावांच्या प्रकरणात आधीच येऊन गेले आहेत. आपण मात्र हे प्रकरण देशभक्तीच्या कथेत जमा करून टाकले आणि त्यातील राज्यशास्त्र विसरलो.

कथेचा आरंभ पुण्यात होतो. १७ डिसेंबर १७७९ रोजी पेशवे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. सवाई माधवराव अल्पवयीन होते, कारभार नाना फडणविसांच्या हाती होता आणि इंग्रजांशी युद्ध चालू होते. अशा वेळी पश्चिम किनाऱ्यावरच्या दुसऱ्या युरोपीय सत्तेला सांभाळून घेणे ही साधी व्यवहाराची गोष्ट होती. तहात असे ठरले की, दमणलगतच्या काही गावांच्या महसुलातून पोर्तुगिजांना सालीना १२ हजार रुपयांची नेमणूक करून द्यावी. त्यानुसार १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या आणि नगर हवेली व दादरा येथील वसूल पोर्तुगिजांकडे गेला.

पोर्तुगालचे हेगमधील म्हणणे असे की, या तहाने व सनदांनी आम्हाला त्या गावांचे सार्वभौमत्व मिळाले. भारताचे म्हणणे असे की, मिळाला तो फक्त सरंजाम. राजस्थानात नोकरी केलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. जहागिरी खालसा करण्याचा कायदा येथे १९५२ साली झाला. त्यातून उद्भवलेले जमिनींचे दावे माझ्या पिढीच्या अधिकाऱ्यांपर्यंत रेंगाळत आले. जहागीरदाराचा गढीवाडा असे, स्वतःची कचेरी असे, मोठ्या ठिकाणेदारांकडे तर शिपाई आणि तुरुंगसुद्धा असत. पण म्हणून तो राजा होत नसे. देणारा हयात आहे आणि दिलेले परत घेऊ शकतो, हीच जहागिरीची व्याख्या.

न्यायालयाने या मुद्द्यावर भारताचे म्हणणे उचलून धरले. मराठ्यांना जेव्हा मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे, तेव्हा ते तशी स्पष्ट भाषा वापरीत. या सनदांत ती नाही. आणि अशा महसुली देणगीचा अर्थ कोठेही सार्वभौमत्वाचे दान असा लावल्याचे एकही उदाहरण पुढे आलेले नाही, असा त्याचा आशय होता. पुणे दरबारातील कारकुनांची शब्दयोजना पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये तोलली गेली आणि नेमकी ठरली, याचे मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून अप्रूप वाटते.

पण निकालातील पुढचे वाक्य आपल्या बाजूचे नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि इंग्रज आले. इंग्रजांनी पोर्तुगिजांना कधी विचारले नाही की, तुम्ही येथे सरंजामदार की राजे? सव्वाशे वर्षांहून अधिक काळ त्यांनी त्या गावांतील पोर्तुगीज सत्तेला हात लावला नाही, हक्क सांगितला नाही, निषेध नोंदवला नाही. १९४७ नंतर आपणही काही वर्षे तसेच चाललो. न्यायालयाने म्हटले, इंग्रजांनी प्रत्यक्ष वर्तनातून हे सार्वभौमत्व मान्य केले आणि पुढे भारतानेही ते मूकपणे मान्य केले. म्हणजे १२ हजारांचा वसूल घेण्याचा परवाना असलेला माणूस राजा झाला, आणि तो कोणत्याही तहाने नव्हे. शेजाऱ्याच्या गप्प राहण्याने झाला.

मान्यतेच्या राजकारणावर मोठमोठे ग्रंथ आहेत, पण ही गोष्ट त्यांच्यापेक्षा अधिक काही शिकवते असे मला वाटते. मान्यता नेहमी घोषणा करूनच दिली जाते असे नाही. ती न बोलताही दिली जाते, आणि अशी मान्यता परत घेणे फार कठीण असते. आपले परराष्ट्र मंत्रालय शक्सगाम खोऱ्याबद्दल, १९६३ च्या चीन-पाकिस्तान कराराबद्दल, पाकव्याप्त काश्मिरातून जाणाऱ्या रस्त्याबद्दल जी निषेधाची पत्रे वर्षानुवर्षे पाठवीत असते, त्यांची वृत्तपत्रांतून थट्टा होते. ‘तीव्र निषेध’ हा शब्दप्रयोग तर विनोदाचाच विषय झाला आहे. मीही तरुणपणी हसलो आहे. हा निकाल वाचल्यापासून हसत नाही. त्या नीरस पत्रांची फाइल जाडजूड असणे हीच तिची उपयुक्तता आहे. इंग्रजांच्या दप्तरात दादरा-नगर हवेलीबाबत अशी चार पत्रे असती तर निकालातले ते वाक्य वेगळे झाले असते.

आता १९५४. २१ आणि २२ जुलैच्या मधल्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी दादऱ्याची पोलीस चौकी घेतली; तेथील अंमलदार मारला गेला. २८ जुलैला नरोली पडले. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक सिल्वाशात शिरले. दमणहून कुमक पाठवायची तर वाटेत भारतीय भूमी होती, आणि भारताने वाट बंद केली. आपल्या पोलिसांनी सरहद्द ओलांडून लढाई केली नाही. पण पोर्तुगीज फौजेला सरहद्द ओलांडू दिली नाही, आणि त्या परिस्थितीत तेवढे पुरेसे होते.

मुक्त झालेल्या प्रदेशाला स्वतंत्र देश व्हायचे नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पहिल्या दिवसापासून तेथे तिरंगा होता आणि मागणी विलीनीकरणाची होती. विलीन करून घेणारा तयार नव्हता. आरंभी नेहरूंचे एकूण धोरणच पोर्तुगिजांशी बळाने न वागण्याचे होते. पुढे कायद्याने हात बांधले. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, पाच दिवसांनी त्याने हेग न्यायालयाचा सक्तीचा अधिकार मान्य केला आणि आणखी तीन दिवसांनी भारतावर दावा ठोकला. इतकी चपळाई सालाझारच्या सरकारने दुसऱ्या कोणत्या कामात दाखवली असेल, असे वाटत नाही. भारतातर्फे ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला. भारताचा बचाव असा होता की, तेथे जे घडले ते स्थानिक लोकांनी घडवले. आम्ही फक्त आमच्या भूमीतून सशस्त्र माणसे जाऊ दिली नाहीत. हा बचाव टिकायचा असेल तर खटला चालू असेपर्यंत तो प्रदेश गिळणे शक्यच नव्हते. त्याला स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता देणे तर त्याहून अवघड. उद्या कोणी आपल्याकडचा एखादा कोपरा दाखवून हाच दाखला दिला असता.

निकालात तीन गोष्टी ठरल्या. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना ये-जा करू देण्याचा हक्क पोर्तुगालला १९५४ साली होता: अकरा विरुद्ध चार मते. सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना तसा हक्क नव्हता: आठ विरुद्ध सात. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही: नऊ विरुद्ध सहा. मधला आकडा पाहा. एका न्यायाधीशाचे मत फिरले असते तर दमणहून पोर्तुगीज फौज हक्काने सिल्वाशाकडे निघाली असती, किंवा तिला अडवून भारत न्यायालयाचा अवमान करणारा देश ठरला असता. आज आपण त्या निकालाला सहज ‘आपला विजय’ म्हणतो.

न्यायालयाने आणखी एक गोष्ट केली, किंवा खरे तर केली नाही. त्या गावांत सध्या राज्य कोणाचे आहे आणि ते कायदेशीर आहे का, या प्रश्नात ते शिरलेच नाही. निकाल दिला गेला तो १९५४ मधील घटनांच्या आदल्या दिवसापुरता. निकालाच्या दिवशी मात्र तेथे सहा वर्षे कारभार चालू होता. वरिष्ठ पंचायत नावाची संस्था होती, प्रशासक होता, सारा वसूल होत होता, भांडणे मिटवली जात होती, माणसे जन्मत होती, लग्ने होत होती, जमिनी हातोहात फिरत होत्या. १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात राज्याची चार लक्षणे सांगितली आहेत: स्थिर लोकसंख्या, निश्चित भूमी, शासन, आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. पहिली तीन येथे होती. चौथे नव्हते, कारण कोणी संबंध ठेवायला तयार नव्हते. आणि ते तयार नव्हते, कारण चौथे लक्षण नव्हते. त्याच करारातील तिसरे कलम म्हणते की, राज्याचे राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नसते. हे वाक्य ज्या कोणी लिहिले, त्याला सही करायला समोर माणूस नसलेला दस्तऐवज कधी तयार करावा लागला नसावा.

भारताला तो करावा लागला. १२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. प्रशासकीय वर्तुळात आवडीने सांगितली जाणारी गोष्ट अशी की, के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते तेथील पंतप्रधान करण्यात आले, ते नेहरूंसोबत करारावर सही करता यावी म्हणून. आमच्या नोकरीत एका माणसाने एका दिवशी दोन खुर्च्या सांभाळणे नवीन नाही, म्हणून ती गोष्ट आम्हाला गमतीची वाटते. पण तिच्यातला अर्थ गंभीर आहे. ज्या राज्याला आपण कधी राज्य म्हटले नाही, त्याला संपवण्यासाठी आधी ते असल्याचे मानावे लागले. संविधानाच्या दहाव्या दुरुस्तीने तो प्रदेश संघराज्यात आला, तेव्हा त्याची लोकसंख्या सुमारे ५८ हजार होती.

येथपर्यंतची गोष्ट आपल्याला सुखद वाटते. ती थोडी दुरून पाहिली की अस्वस्थ करते. मूळ देशाच्या हातून एक प्रदेश सुटतो. स्थानिक लोक आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक मिळून तो सोडवतात. शेजारचे मोठे राष्ट्र मूळ देशाच्या फौजेची वाट अडवते, आपले अधिकारी मदतीला देते, आणि सात वर्षांनी तो प्रदेश स्वतःत सामील करून घेते. नावे खोडून हे वर्णन एखाद्या जॉर्जियन किंवा सायप्रियट विद्यार्थ्याला वाचायला दिले, तर तो कोणते नाव घेईल हे सांगायला नको. २००८ मध्ये रशियाने अबखाझिया आणि दक्षिण ओसेशियाला मान्यता दिली. उत्तर सायप्रसला १९८३ पासून फक्त तुर्कस्तानची मान्यता आहे. भारताने यांपैकी कोणालाच मान्यता दिलेली नाही, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये स्वातंत्र्य घोषित करणाऱ्या कोसोव्होलाही दिलेली नाही.

फरक आहे, आणि तो मोठा आहे. पोर्तुगालची सत्ता वसाहतीची होती. १४ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा ठराव केला, त्याने या फरकाला कायद्याचे बळ मिळाले. तेथील रहिवाशांना हाकलून वस्ती बदलण्यात आली नाही. शिवाय आपण थांबलो. तरीही ‘आमचे प्रकरण वेगळे’ हे वाक्य जगातील प्रत्येक परराष्ट्र मंत्रालयाच्या मसुद्यात असते, हे विसरून चालणार नाही. कोसोव्होला मान्यता देणाऱ्या देशांनीही तेच म्हटले होते.

भारताच्या वर्तनातील विसंगती एका वर्षात पाहायची असेल तर १९६१ घ्यावे. ऑगस्टमध्ये आपण एका अमान्य प्रदेशाला संविधानात जागा दिली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याखाली, कांगोपासून फुटू पाहणाऱ्या कटांगाशी लढताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आले. परमवीरचक्राचे ते मानकरी. त्याच महिन्याच्या १९ तारखेला गोवा मुक्त झाला. एका बाजूला फुटीरतेविरुद्ध सांडलेले रक्त, दुसऱ्या बाजूला वसाहत मोडणारी कारवाई. मला यात ढोंग दिसत नाही. वसाहती जाव्यात, पण वसाहतींतून निघालेली राष्ट्रे फुटू नयेत, हे एकच सूत्र दोन्हीकडे आहे. पण ते सूत्र कायद्यातून आलेले नाही, आपल्या गरजेतून आलेले आहे, एवढे कबूल करायला हरकत नसावी.

पुढेही आपण मान्यता देताना हात आखडताच ठेवला. बांगलादेशाचे हंगामी सरकार एप्रिल १९७१ मध्ये स्थापन झाले, कोलकात्यातून काम करू लागले, निर्वासितांचे लोंढे आले. मान्यता दिली ६ डिसेंबरला, युद्धाला तोंड लागल्यावर. एकदा मात्र आपण घाई केली असे माझे मत आहे. १९८५ मध्ये पश्चिम सहारातील सहरावी प्रजासत्ताकाला आपण मान्यता दिली आणि २००० मध्ये ती मागे घेतली. मधल्या पंधरा वर्षांत सहरावी निर्वासितांच्या छावण्या होत्या तेथेच राहिल्या. बदलले ते आपले हिशेब. मोरोक्कोच्या फॉस्फेटशिवाय आपल्या खतांचे गणित सुटत नाही, हे कोणत्याही कृषी अधिकाऱ्याला माहीत असते. दिलेली मान्यता काढून घेण्यापेक्षा ती न देणे बरे, कारण काढून घेतल्यावर आपल्या पुढच्या शब्दाचेही मोल घटते.

आझाद हिंद सरकारचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापुरात स्थापन झालेल्या त्या सरकारला नऊ राजवटींची मान्यता होती, आणि पायाखाली भूमी जवळजवळ नव्हती. मान्यता देणाऱ्यांत मांचुकुओ होते, जे स्वतःच जपानच्या आधारावर उभे होते. सिल्वाशाकडे भूमी होती, मान्यता नव्हती. दोन्ही ठिकाणच्या लोकांचे ध्येय एकच होते. मान्यतेची यादी पाहून एखाद्या लढ्याचे वजन ठरवू पाहणाऱ्यांनी या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

मात्र या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न राजनीतीचा नाही, कागदांचा आहे. मान्यता नसलेल्या शासनाने दिलेल्या कागदाचे करायचे काय?

माझ्या परिसरात निवृत्त सैनिकांची घरे बरीच आहेत. १९७१ चा विषय निघाला की जयपूरचे भवानी सिंह यांच्या तुकडीने वाळवंट ओलांडून सिंधमधील छाछरो घेतले, ती गोष्ट निघतेच. सिमला करारानंतर तो भाग परत गेला. पण तेथील पुष्कळ हिंदू कुटुंबे राजस्थानात आली ती येथेच राहिली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पश्चिमेकडच्या एका जिल्ह्यात असताना असेच एक वृद्ध गृहस्थ माझ्यासमोर आले. त्यांच्याजवळ तिकडच्या दिवसांतली, आपल्या अमलाच्या काळात मिळालेली, एक शिक्का मारलेली चिठ्ठी होती. मुलाचे वय सिद्ध करायला तेवढा एकच कागद. माझ्या कार्यालयातील लिपिकाने ती उलटसुलट करून विचारले, ‘साहेब, हा कागद कोणत्या देशाचा?’ शिक्का भारतीय अधिकाऱ्याचा, गाव पाकिस्तानचे, तारीख मधल्या वर्षाची. नियमांच्या पुस्तकात त्याला रकाना नव्हता. तो कागद मी पुराव्यात धरला. माझ्या वरिष्ठांनी तो धरला नाही. त्या गृहस्थांनी पुढे आणखी किती खेटे घातले, हे मला कळले नाही, कारण माझी बदली झाली.

त्याच १९७१ साली, २१ जूनला, हेगच्या न्यायालयाने नामिबियाबाबत सल्लागारी मत दिले. दक्षिण आफ्रिकेचा तेथील अंमल बेकायदा आहे आणि कोणत्याही राष्ट्राने त्याला मान्यता देऊ नये, असे सांगतानाच न्यायालय म्हणाले की, या अमान्यतेची शिक्षा तेथील रहिवाशांना होता कामा नये. जन्म, मृत्यू आणि विवाह यांच्या नोंदी नाकारल्या तर त्रास फक्त त्यांनाच होईल. सत्ता अमान्य, पण तिच्या दप्तरातील बाळाची जन्मनोंद मान्य. हा भेद पुढे युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही उत्तर सायप्रसच्या प्रकरणांत वापरला.

आणि आपण तो दहा वर्षे आधीच वापरला होता, फारसा गाजावाजा न करता. दादरा व नगर हवेलीबाबतचा १९६१ चा कायदा वाचा. त्या दिवशी तेथे जे कायदे चालू होते ते बदल होईपर्यंत चालू राहतील. जे अधिकारी काम करीत होते ते करीत राहतील. वरिष्ठ पंचायत सल्लागार म्हणून कायम राहील. मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार तेथे चालेल. १९५४ ते १९६१ मध्ये तेथे कोण होते, ते राज्य होते की नव्हते, याबद्दल त्यात चर्चा नाही. तरीही त्या सात वर्षांतील व्यवहारांच्या पायाखालची जमीन सरकू दिली नाही. पुढच्या वर्षी निघालेल्या नागरिकत्वाच्या आदेशाने, जे स्वतः किंवा ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा तेथे जन्मले होते, त्यांना भारतीय नागरिक मानले. जन्माचा दाखला पोर्तुगीज राजवटीचा की पंचायतीचा, हा प्रश्न गौण ठरला. हा मसुदा ज्या अधिकाऱ्यांनी केला त्यांची नावे मला माहीत नाहीत, पण त्यांच्याविषयी मला आदर वाटतो.

आज याची गरज का, असे कोणी विचारील. सोमालीलँड १९९१ पासून स्वतःचा कारभार करीत आहे. तेथे निवडणुका होतात, स्वतःचे चलन आहे, बर्बेरा बंदर एडनच्या आखातावर आहे, आणि तीन दशकांहून अधिक काळ संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्याने त्याला मान्यता दिली नव्हती. नागोर्नो-काराबाखमधील राजवट सप्टेंबर २०२३ मध्ये कोसळली आणि एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत घरे सोडून गेले. तीस वर्षे त्या अमान्य राजवटीने दिलेले जमिनीचे उतारे आता त्यांच्या पिशव्यांत आहेत. अशा प्रदेशांतून माणसे शिकायला, उपचारांना, व्यापाराला भारतातही येतात आणि आपली माणसे तिकडे जातात. परदेशी कागदाची खातरजमा करण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात भारत २००५ मध्ये सामील झाला. पण ती पद्धत मान्य राष्ट्रांपुरतीच चालते. बाकीच्यांचा कागद खिडकीवरच अडतो, आणि खिडकीवरच्या माणसाला कोणी काही सांगितलेले नसते.

तैवानबाबत आपण मार्ग काढला आहे. राजनैतिक मान्यता नाही. पण १९९५ पासून तैपेईत आपले कार्यालय आहे, व्हिसा मिळतो, व्यापार चालतो, पदव्या तपासल्या जातात. हे शक्य झाले, कारण तैवान श्रीमंत आहे आणि आपल्याला त्याच्याकडून काही हवे आहे. ज्यांच्याकडून काही नको, त्यांच्यासाठी लिखित नियम हवा. परराष्ट्र आणि गृह या दोन मंत्रालयांनी मिळून एक परिपत्रक काढणे एवढेच ते काम आहे: अमान्य प्रदेशातील जन्म, मृत्यू, विवाह आणि शिक्षण यांचे दाखले पुरावा म्हणून कोणत्या कसोटीवर तपासावेत, आणि ते स्वीकारल्याने त्या राजवटीला मान्यता दिल्याचा अर्थ होणार नाही, हे वाक्य त्यात असावे. आक्षेप मला ठाऊक आहे. गप्प राहून सरंजामदार राजा होतो असे मीच वर लिहिले. मग कागद स्वीकारून तेच होणार नाही का? होणार नाही, कारण येथे आपण गप्प राहत नाही. काय मानतो आणि काय मानत नाही, हे लिहून ठेवतो. इंग्रजांनी जे केले नाही, ते हेच.

पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते लिस्बनमधील राज्यक्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. त्या कराराचे पहिलेच कलम बारकाईने वाचण्यासारखे आहे. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे प्रदेश भारतीय संविधानानुसार ज्या तारखांना भारताचे भाग झाले, त्या तारखांपासून ही मान्यता आहे. म्हणजे सिल्वाशापुरती ती ११ ऑगस्ट १९६१ पासून. त्याआधीच्या सात वर्षांवर भारताने हक्क सांगितला नाही, पोर्तुगालने सोडला नाही, आणि ज्यांनी तो काळ चालवला ती वरिष्ठ पंचायत करारात पक्षकार नव्हती.